पेटीतले कागद बाहेर येऊ द्या

'गावोगावच्या मोडी कार्यशाळा म्हणजे हौस. दोन दिवसांत कुणाला मोडी येत नाही,' हे मोडी या जुन्या मराठी लिपीच्या वर्गांवरच्या एका लेखातलं वाक्य मला पटलं नाही. दोन दिवसांत मोडी येत नाही हे खरंच आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द एकमेकांना चिकटलेले, त्यात लिहिणाऱ्याची घाई. सरावाला वर्षं जातात. पण गावातली कार्यशाळा मोडीवाचक घडवण्यापुरती नसते, घरातले कागद वाचवण्यासाठीही असते, आणि लेखात त्याचा उल्लेखच नाही.

आमच्या गावात देवळाच्या सभामंडपात असा वर्ग झाला, तेव्हा शिकवणाऱ्या सरांनी 'घरी काही जुनं असेल तर आणा' एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी लुगड्याच्या फडक्यात बांधलेली गुंडाळी घेऊन आल्या. घड्यांवर कागद फाटलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. ते विहिरीच्या पाण्याच्या पाळीचं करारपत्र निघालं, सन १२८९ फसली. फसली हे शेतसाऱ्याचं जुनं साल; त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १८७९च्या सुमाराचं. त्यातल्या दोन शेतांची नावं आजही आमच्या तोंडी तीच आहेत! आजी म्हणाल्या, 'अशी आणखी होती गं, दिवाळीच्या साफसफाईत बंबात घातली.' ते ऐकून सगळा मंडप गप्प झाला. त्यानंतर आमच्या आळीत तरी मोडीचा कागद कुणी जाळलेला नाही. आता पुढच्या वर्गात अक्षरओळखीआधी अर्धा तास कागद कसे जपायचे यालाच द्यावा: सेलोटेप लावू नये, प्लास्टिकमध्ये कोंडू नये, आणि आधी फोटो काढून ठेवावा.