माशांचा चातुर्मास

आमच्या घरात कांदे ठेवायची जी पेटी आहे ती सागवानी आहे. तिला वर पत्र्याचं छप्पर आहे, खाली चार पायांचा लोखंडी स्टँड आहे आणि समोर, कांद्यांना कधी बाहेर जाऊन यावंसं वाटलंच तर, एक बारीक फट आहे. पेटी मला साडेचार हजारांना पडली. एवढ्या इतमामात राहणारे कांदे उचगावात काय, सबंध बेळगाव तालुक्यात नसतील. पाहुणे आले की बायको त्यांना मुद्दाम मागच्या सोप्यात नेते, "ह्या बघा ह्यांच्या मधमाशा" म्हणते, झाकण उघडते आणि भाजीपुरते चार कांदे काढून घेते.

मी निवृत्त गणित शिक्षक. घरामागं वीस गुंठे जमीन, चार आंबे, थोडा काजू आणि काशी भोपळ्याचा एक वेल. ह्या वेलानंच सगळं सुरू केलं. फुलं भरपूर, भोपळा एक नाही. मग मी रोज सकाळी सहाला उठून नराचं फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादीच्या फुलाला नेऊन टेकवायचं, असा उद्योग करू लागलो. पस्तीस वर्षं पोरांची लग्नं जुळवायला स्थळं सुचवली, पण भोपळ्याचं लग्न लावायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. शेवटी म्हटलं, हे काम ज्यांचं आहे त्यांनाच आणू. तेव्हा एप्रिल महिना होता. मधमाशा पाळायची हुक्की माणसाला एप्रिलमध्येच येते. जांभळं फुललेली असतात, हवा कोरडी असते, कुणीतरी डोंगरातून आणलेला मध बाटलीतून दाखवत असतो. माशा घ्यायला ह्याहून चुकीचा महिना एकच, तो म्हणजे मे. मी मे महिन्यात घेतल्या.

त्याआधी शोधाशोध झाली. आमच्याकडं कुठलीही वस्तू शोधायची तर दोन भाषांत शोधावी लागते. कन्नडमध्ये जेनु म्हणजे मधमाशीही आणि मधाचं मोहोळही, आणि मधाला म्हणतात जेनतुप्प. तुप्प म्हणजे तूप. बाजारात एका दुकानात जाऊन मी माझ्या कन्नडमध्ये "जेनु बेकु" म्हटलं, तर त्यानं मधाची बाटली काढून दिली. मी म्हटलं, तुप्प नको, हुळ पाहिजे. हुळ म्हणजे किडा, मधमाशीला जेनहुळच म्हणतात. त्यानं मला शेतीच्या औषधांच्या दुकानात पाठवलं. तिथल्या माणसानं मान न वर करता विचारलं, "याव हुळ री?" आणि कुठला किडा हे मी सांगायच्या आत फवारणीच्या तीन बाटल्या माझ्यापुढं मांडल्या.

मराठीतही काही सोपं नव्हतं. आपल्या पेटीत राहणारी देशी माशी म्हणजे सातेरी. एकाला एक करून सात पोळी समांतर बांधते, म्हणून सातेरी, असं सांगतात. आग्या पेटीत राहत नाही, ती उंच झाडाला एकच मोठं पोळं टांगते आणि आपल्याला पळवते. फुलोरी झुडपात लहानसं पोळं करते, तीही पेटीत राहत नाही. म्हणून मी खानापूरच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला, "अरे, मला सातेरी पाहिजे." तो क्षणभर गप्प झाला आणि एकदम आदरानं म्हणाला, "सर, नवस बोलला होता काय?" गोव्याकडं आणि आमच्या घाटमाथ्यावर सातेरी ही गावदेवी. तिला वारुळात पुजतात. ही माशीही रिकाम्या वारुळात, झाडाच्या ढोलीत घर करते, त्यामुळं त्याचंही फार चुकलं असं म्हणता येणार नाही.

शेवटी एकानं विचारल्या दिवशी पेटी आणून दिली. इथंच माझ्यातल्या गणिताच्या मास्तरला शंका यायला हवी होती. आत तीन फ्रेमवर, म्हणजे पोळं बांधायच्या लाकडी चौकटींवर, माशा होत्या. राणी कुठाय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आसतीयाच की ओ सर, राणी कुठं जातीय?"

कुठं जाते ते मला आषाढात कळलं. उचगावचा पाऊस म्हणजे काही चेरापुंजीचा नव्हे, पण एकदा लागला की तो थांबत नाही, भुरभुरत राहतो, आणि मधमाशीच्या दृष्टीनं भुरभुर म्हणजे संचारबंदी. बाहेर फूल नाही, असलं तर ओलं. मी साखरेचा पाक करून वाटीत ठेवायला लागलो. एका महिन्यात एवढी साखर संपली, की किराणा दुकानदारानं "घरात कार्य हाय काय सर?" म्हणून विचारलं. मुंग्या आल्या. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, तर वाट्यांत बेडूक आले. बायको खिडकीतून बघत असायची. "काय बघूलासा ओ त्या पेटीत सारखं? शाळा सुटली की पोरं येतीलच घरी." मग फ्रेमवर पांढरी जाळी दिसायला लागली. तो मेणाचा पतंग. माशा कमी पडल्या की तो पोळ्यात अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या मेण खातात. एका सकाळी पेटीला कान लावला, तर आत नुसता पाऊस ऐकू येत होता. माशा उठून गेल्या होत्या. राणीसकट गेल्या, की राणी मुळात नव्हतीच, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पुढच्या हंगामाला मी शहाणा झालो, म्हणजे योग्य माणसाला फोन केला. चंदगडच्या वर, तिलारीच्या अंगाला, एक मामा गेली चाळीस वर्षं माशा पाळतात. तरुणपणी महाबळेश्वरच्या मध संचालनालयात शिकून आलेले. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "सर, तुमास्नी माशा पायजेत का मध पायजे? मध पायजे आसंल तर बाजारातनं आणा, सवंग पडतोय." मी म्हटलं, माशा. ते म्हणाले, "मग आता एप्रिलात कशाला फोन केलासा? आता माशा मधावर हायत. दुभती म्हैस कोण इकतंय काय?"

मी माझी मे महिन्याची कहाणी सांगितली. मामा हसले नाहीत, हे त्यांच्या मोठेपणाला धरून झालं. ते एवढंच म्हणाले, "मे म्हैन्यात जो माशा इकतो, त्यो माशा इकत न्हाई, पावसाळा इकतो." चार महिने पाक पाजायचा खर्च, मुंग्या, पतंग, सगळं गिऱ्हाइकाच्या गळ्यात, वर पैसेही रोख.

"मग कधी मिळतील?"

"श्रावणात नाव घाला. तुळशीच्या लग्नाच्या मागंपुढं न्या."

हा हिशेब मला नीट समजायला मामांच्या ओट्यावर दोन वेळा बसावं लागलं. झालंय असं, की मधमाशाही चातुर्मास पाळतात. नवी वसाहत करायची तर नवी राणी लागते. अंड्यापासून पुरी राणी होऊन बाहेर यायला पंधरा-सोळा दिवस, मग आठवडाभरात ती आकाशात उडून लग्न लावून येते, मग अंडी घालायला लागते. म्हणजे धरा महिना. पण लग्न लावायला नर लागतात, आणि नर म्हणजे नुसते खाऊन बसणारे जावई. पावसाळ्यात घरात दाणा नसला की कामकरी माशा त्यांना दारातून हाकलून देतात. मग पावसात राणी झाली तरी वर कुठून आणायचा? दसऱ्याच्या आसपास कारळं फुलतं, रानात सोनकी, तेरडा येतो, घरात परागकण यायला लागतात, तेव्हा नर पुन्हा पोसले जातात आणि विवाहयोग्य होतात. तेव्हा मामा भरलेल्या पेट्यांच्या दोन-दोन पेट्या करतात. मी म्हटलं, म्हणजे आपल्यासारखंच, आषाढी ते कार्तिकी मुहूर्त नाही. मामा म्हणाले, "आपल्यात निदान पळून जाऊन तर करत्यात."

आणि ह्या वेळी घेतलेली पेटी काजू-आंब्याच्या मोहरावर वाढत वाढत मार्चमध्ये जांभळाला आणि पुढं हिरड्याला तयार होते. एप्रिलात मध. म्हणजे एप्रिलमधला मध पाहून ज्याला माशा घ्यायची हुक्की येते, तो पाच महिने उशिरा किंवा सात महिने लवकर आलेला असतो. गणित शिक्षकानं हे स्वतः मांडायला हवं होतं.

जवळच्याच माणसाकडून का घ्यायच्या, ह्यावर मात्र मामा गंभीर झाले. १९९१-९२ साली थाई सॅकब्रूड नावाचा रोग दक्षिणेत आला. विषाणूचा रोग, अळ्या पोळ्यातच पिशवीसारख्या फुगून मरतात. कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत सातेरीच्या पेट्यांच्या पेट्या ओस पडल्या. मामांच्या चाळीसातल्या तीन राहिल्या. आजची त्यांची सगळी प्रजा त्या तीन पेट्यांची आणि नंतर रानातून धरलेल्या मोहोळांची. "ह्यांनी रोग बघितलाय, पाऊस बघितलाय. लांबनं आणलेली माशी पैल्या मिरगात इचारती, हे काय हाय म्हणून." उत्तरेकडच्या ट्रकांतून फिरणारी ती परदेशी माशी, मेलिफेरा, १९६२ साली आजच्या हिमाचलात नगरोटा बगवानला रुजली. तिचा मध पुष्कळ, पण तिला सूर्यफूल, मोहरी असं एका पिकामागून दुसऱ्या पिकाकडं फिरवत न्यावं लागतं. आम्ही तिला वीस गुंठ्यांत कुठं फिरवणार?

मग मामांनी माझीच परीक्षा घेतली. "तुमच्या घरापासनं किलोमीटरभरात काय काय फुलतंय?"

मी म्हटलं, "फुलं."

त्यांनी मला गृहपाठ दिला. माझ्या आयुष्यात मला दिलेला हा पहिलाच, आणि तो मी केला. वही घेऊन बांधाबांधानं फिरू लागलो. पंचवीस वर्षं ह्याच वाटेनं शाळेत गेलो, पण शेवगा कधी फुलतो, निलगिरी कधी, नारळ बारा महिने पराग देतो, हे काही माहीत नव्हतं. अडचण एवढीच, की आमच्या भागात वही घेऊन बांधावर उभा राहिलेला माणूस दिसला की लोक कामं टाकून येतात. "रिंगरोडची मोजणी आली काय ओ सर?" मी म्हणायचो, नाही, फुलं मोजतोय. त्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. एका काकूंनी तर झेंडूचा वाफा माझ्यादेखत पदराखाली घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. कोण कधी काय फवारतो हेही लिहून आणायला सांगितलं होतं. ते विचारल्यावर संशय पक्का झाला.

श्रावणात पाचशे रुपये विसार देऊन नाव घातलं. मामांच्या शाळकरी वहीत माझा नंबर नववा. पुढं दोन काजूवाले, एक डॉक्टर, बाकीचे मला माहीत नाहीत, पण त्या आठ जणांविषयी माझ्या मनात तीन महिने जी भावना होती ती शिक्षकाला शोभणारी नव्हती.

मामांचा फोन आला तो ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला. "उद्या सांजचं या." उद्या म्हणजे १ नोव्हेंबर. बेळगावच्या माणसाला ह्या तारखेचा अर्थ सांगायला नको. एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला मराठी लोकांचा काळा दिन, दुकानं अर्धी बंद आणि शिनोळीच्या नाक्यावर पोलीस. मी म्हटलं, परवा आलो तर? मामा म्हणाले, "परवा धावा नंबर येतोय."

गेलो. अंधार पडेपर्यंत थांबलो, कारण बाहेर गेलेल्या माशा घरी आल्याशिवाय दार लावता येत नाही. मामांनी एकेक फ्रेम उचलून दाखवली. राणी काही दिसली नाही. माझा चेहरा पाहून त्यांनी कंदिलाजवळ एक फ्रेम तिरकी धरली. घराघरात तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, उभं, एकेक अंडं. अंडं तीन दिवसांत फुटतं, म्हणजे तीन दिवसांत राणी इथं होती. उत्तर न दिसता सिद्धता मिळाली. मला फार बरं वाटलं. मग दाराला जाळी ठोकली, आणि फ्रेमा रस्त्याच्या दिशेनं लांब राहतील अशी पेटी ओम्नीत ठेवली, म्हणजे ब्रेक लागला तरी पोळी एकमेकांवर आपटत नाहीत. मी चाळीसच्या वर गेलो नाही. मागं सगळा वर्ग एका सुरात पाढे म्हणत होता.

नाक्यावर टॉर्च काचेवर आला, आत काय आहे म्हणून.

"एन ऐती इदराग?"

"जेनु री."

"जेनतुप्पा?"

"इल्ल री. हुळ."

त्यानं माझ्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं आणि खात्री करायला पेटीला कान लावला. पुढच्या क्षणी तो तीन पावलं मागं होता. दुसरा पोलीस हसायला लागला. मला वाटलं, आता कागदपत्रं, आता पावती, आता कुठल्या राज्याच्या माशा. पण तो पुन्हा जवळ आला, ह्या वेळी टॉर्च विझवून, आणि हळूच म्हणाला, "एष्ट कोट्री?" मी किंमत सांगितली. कुठं मिळाली विचारलं, तेही सांगितलं. त्याच्या वडिलांची बैलहोंगलकडं शेती होती, दोडकी लागत नव्हती. त्यानं माझा नंबर घेतला, मी त्याचा घेतला. माझ्या मोबाइलमध्ये तो अजून 'जेनु पोलीस' ह्या नावानं आहे.

पेटी रात्रीच आंब्याखाली ठेवली. सकाळी जाळी काढली. पहिली माशी बाहेर आली, पेटीकडं तोंड करून हवेत डोलत राहिली, घर नीट बघून घेतलं आणि सरळ शेजाऱ्याच्या शेवग्यावर गेली. बायको चहाचा कप घेऊन उभी होती. म्हणाली, "ही पेटी पण रिकामी झाली तर बटाट्याला घ्यायची. कांद्यात घालून चालत न्हाई, कोंब येतात."

एप्रिलमध्ये, जांभळं फुलली होती आणि आमच्या पेटीवर मधकोठी, म्हणजे मध साठवायचा वरचा मजला, चढली होती, तेव्हा 'जेनु पोलीस'चा फोन आला. त्याला माशा हव्या होत्या. ह्याच आठवड्यात. मी घसा साफ केला आणि मामांच्या आवाजात विचारलं, दुभती म्हैस कोण विकतं? आणि मग, माझ्या कन्नडमध्ये, श्रावणात नाव घालायला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग कितवा नंबर म्हणून विचारलं, "नंबर एष्टने री, सर?"