आकडे बदललेत? हो, बदललेत!

तापमानवाढीवर दोन ओळी लिहिल्या की खाली एक कमेंट ठरलेली: "शास्त्रज्ञ जुने आकडे बदलतात हो, सगळा फंडिंगचा खेळ." त्यावर समोरून येणारं उत्तरही ठरलेलं: "विज्ञान नाकारता काय!" मला दोन्हींचा कंटाळा आलाय. आकडे बदलतात हे खरंच आहे. ते का बदलतात हे सांगायचं सोडून विचारणाऱ्याला अडाणी ठरवणं हा निव्वळ आळस आहे.

समुद्राचंच घ्या. पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून जास्त पृष्ठभाग पाण्याने व्यापलेला, त्यामुळे जागतिक सरासरीत सिंहाचा वाटा समुद्राचा. पूर्वी हे तापमान कसं मोजायचे? खलाशी दोरीला बांधलेली बादली पाण्यात सोडायचा, वर ओढायचा आणि तिच्यात थर्मामीटर बुडवायचा. बादली बऱ्याचदा कॅनव्हासची. ओलं कापड, त्यावर डेकवरचा वारा. बाष्पीभवन होऊन थर्मामीटर वाचेपर्यंत पाणी गार व्हायला लागलेलं असायचं. म्हणजे नोंद खऱ्यापेक्षा कमी. पुढे इंजिन थंड ठेवायला जहाजात घेतलेल्या पाण्याचं तापमान टिपू लागले. ते इंजिनरूमच्या उष्णतेमुळे किंचित जास्त यायचं. आता हे काम मुख्यतः समुद्रात तरंगणारी स्वयंचलित यंत्रं करतात.

या सगळ्या नोंदी जशाच्या तशा एका आलेखावर मांडल्या तर काय होईल? सुरुवातीचा काळ होता त्यापेक्षा थंड दिसेल आणि एकूण तापमानवाढ फुगेल. म्हणून बादलीच्या जुन्या नोंदी वर सरकवतात. जमिनीवर दुरुस्त्यांनी वाढ थोडी जास्त दिसते हेही खरं, विशेषतः अमेरिकेत, जिथे नोंद घेण्याची वेळ संध्याकाळवरून हळूहळू सकाळवर गेली आणि त्यामुळे कच्च्या नोंदी किंचित थंड येऊ लागल्या. पण जमीन आणि समुद्र एकत्र धरले की दुरुस्त केलेल्या आकड्यांतली दीर्घकालीन वाढ कच्च्या आकड्यांपेक्षा कमी भरते. कमी! वाढ फुगवून दाखवायचं कारस्थान असेल तर रचणाऱ्यांना गणित येत नव्हतं म्हणायचं.

संशय मनापासून घेतला की काय होतं, याचं उदाहरण म्हणजे रिचर्ड म्युलर. हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ तापमानाच्या नोंदींवर उघड शंका घेत. शहरांच्या उष्णतेचा परिणाम, वाईट जागी ठेवलेली केंद्रं, आकड्यांची निवड, सगळ्यावर. मग त्यांनी 'बर्कली अर्थ' हा गट उभा केला. त्याला पैसे देणाऱ्यांत तेलउद्योगातल्या चार्ल्स कोक यांचं फाउंडेशनही होतं. सगळं पहिल्यापासून मोजल्यावर त्यांचा आलेख आधीच्या संस्थांच्या आलेखांशी जुळला, आणि २०१२ मध्ये म्युलर यांनी आपलं मत बदलल्याचं जाहीर केलं. संशयवादी ब्लॉगर ॲन्थनी वॉट्स यांनी आधी लिहिलं होतं की निकाल काहीही लागला तरी मान्य करीन. निकाल लागला आणि ते पद्धतीतल्या चुका काढू लागले! असो.

उपग्रहांचे आकडे 'शुद्ध' असतात असंही वरचेवर ऐकू येतं. उपग्रह थर्मामीटर लावत नाहीत. ते ऑक्सिजनमधून येणारे मायक्रोवेव्ह मोजतात आणि त्यावरून हवेच्या जाड थराचं तापमान काढतात. कक्षा हळूहळू घसरते, एकाच जागेवरून जाण्याची वेळ सरकते. तिथेही दुरुस्त्या लागतातच. उपग्रहांच्या नोंदींवरून तापमान काढणाऱ्या अलाबामा विद्यापीठाच्या गटाच्या अशाच एका दुरुस्तीत चूक होती. २००५ मध्ये ती दाखवून दिल्यावर त्यांची तापमानवाढ वर गेली.

पण आमच्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायचंय. जागतिक हवामान संघटनेने २०२४ साठी दिलेला तापमानवाढीचा आकडा (१८५०-१९०० च्या सरासरीच्या तुलनेत) १.५५ अंश सेल्सिअस, अधिक-उणे ०.१३. पोस्टरवर यातलं अधिक-उणे गळतं. मग कुणीतरी ते शोधून काढतो आणि 'पाहा, यांनाच खात्री नाही' म्हणून नाचवतो. ते तुम्हीच आधी सांगितलं असतं तर? खालचं टोक धरलं तरी १.४२ उरतात. 'वाढलं की नाही' हा प्रश्न त्या ०.१३ मध्ये मावतच नाही.

खरा वाद वेगळाच आहे. २०२३ मध्ये तापमान एकदम उसळलं, त्यात एल निन्योचा, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापण्याचा, वाटा किती? २०२० च्या नियमामुळे जहाजांच्या इंधनातलं गंधक कमी झालं (त्याच्या धुरातले कण ऊन परतवून थोडा गारवा देत), त्याचा किती? कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, याचं आयपीसीसीचं (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचं) २०२१ मधलं उत्तर आहे बहुधा २.५ ते ४ अंश. ही फट मोठी आहे आणि तिच्यावर शास्त्रज्ञ आपसात कडाकडा भांडतात. त्यावर बोलायचं असेल तर कमेंटमध्ये जरूर या. 'फंडिंग' एवढाच शब्द टाकणाऱ्यांना मात्र उत्तर देणार नाही.