दोघं एकदम ‘ऑनलाइन’ दिसले, बरं मग?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक शहाणपण सारखं फिरत असतं. माणूस काय बोलतो ते सोडा, कधी ऑनलाइन असतो ते टिपा. दोघं वारंवार एकाच वेळी ऑनलाइन दिसले, तर आपसात बोलतायत. एरवी पटकन उत्तर देणारा दोन दिवस गप्प, तर टाळतोय. आणि झोपेची वेळ सापडली की माणूस कुठला तेही कळलं.

पहिल्याचा हिशेब वहीत मांडून बघा. एकमेकांना अजिबात न ओळखणारे दोघं घ्या. जागेपणीच्या 16 तासांत प्रत्येक जण 60 वेळा, दोन-दोन मिनिटं फोनवर डोकावतो. म्हणजे 960 पैकी 120 मिनिटं, एक अष्टमांश. तेव्हा एकाच्या 120 मिनिटांपैकी सरासरी 15 मिनिटं दुसराही ऑनलाइन सापडणारच. रोज! हे सुद्धा दोघांच्या वेळा दिवसभर सारख्या विखुरल्यात असं धरून. खरं तर रात्री जेवणं आटोपली की अख्खी सोसायटी फोन उघडून बसते, मग हा आकडा आणखी फुगतो. शिवाय ‘ऑनलाइन’ म्हणजे अ‍ॅप समोर उघडं आहे आणि नेट चालू आहे, इतकंच. कोणाशी बोलणं चाललंय, ते त्यात कुठे आलं?

दोन दिवसांच्या गप्पपणाचं म्हणाल, तर माणसाचं उत्तर देणं मुळातच घड्याळासारखं नसतं. 2005 साली भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट-लास्लो बाराबाशी यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ईमेलच्या वेळांवर लिहिलं: भराभर चार-पाच उत्तरं, मग लांबलचक शांतता, पुन्हा झुंबड. आपण महत्त्वाचं आधी उरकतो आणि तळाचं तळाशीच राहतं, हे त्यांचं स्पष्टीकरण. 2008 मध्ये दुसऱ्या एका गटाने ते खोडलं. दिवस-रात्र, आठवड्याची सुट्टी आणि एकदा बसलं की सलग मेल लिहून टाकायची सवय, एवढ्यावर सगळं भागतं, असं त्यांचं म्हणणं. मला हेच जास्त पटतं. शांतता पडते यावर मात्र वाद नाही. डार्विन आणि आइन्स्टाइन यांच्या टपालातही ती सापडली आहे: बरीचशी उत्तरं दहा दिवसांत, काहींना मात्र वर्षं लागली. माझ्या मावशीने दिवाळीच्या शुभेच्छांना संक्रांतीला उत्तर दिलं, तिळगुळाच्या फोटोसकट. ती टाळत नव्हती, मेसेज ढिगाखाली गेला होता.

तिसऱ्यात तथ्य आहे, पण अर्धंच. बिटकॉइन या डिजिटल चलनाचा जनक सातोशी नाकामोतो हे नुसतं टोपणनाव, खरा माणूस कोण ते गुपितच. त्याच्या 500 हून अधिक पोस्टच्या वेळा मांडल्या, तेव्हा ग्रीनिच वेळेनुसार पहाटे 5 ते सकाळी 11 या वेळात जवळजवळ सामसूम दिसली. न्यूयॉर्कच्या हिवाळी घड्याळात ती मध्यरात्र ते सकाळचे 6. झाला अमेरिकन! पण आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा ते दुपारचे साडेचार वाजलेले असतात, आणि अमेरिकेच्या शिफ्टवरून हिंजवडीतून घरी परतलेला पोरगाही नेमका तेव्हाच पडदे ओढून झोपलेला असतो.