बारशाचं खेळणं आणि बहिष्काराचा फॉरवर्ड

मालवणच्या आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एकाच माणसाने एकाच संध्याकाळी दोन मेसेज टाकले. पहिला असा: युरोपातल्या एका सेलरकडून भाच्याच्या बारशासाठी मागवलेलं लाकडी खेळणं मुंबईत कस्टममध्ये अडकलंय, बारसं होऊन गेलं, पोर पालथं पडायला लागलं, तेव्हा हे पोस्टखातं एकदाचं बंद करा आणि सगळं खासगी कुरिअरवाल्यांना देऊन टाका. दुसरा मेसेज फॉरवर्ड होता: परदेशी माल, त्यातही चिनी, बंदरातच अडवा, एक खोकं आत येता कामा नये. दोन्हींना भरपूर अंगठे मिळाले. अंगठेवाले बहुतेक तेच.

हा माणूस माझा मामेभाऊ. (सावंतवाडी मालवणहून तासा-दीड तासावर, तिथल्या चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकानं ओळीने उभी असताना दादाला लाकडी खेळणं युरोपातून का मागवावंसं वाटलं, हे मी विचारलं नाही. माहेरी यायचंय अजून.) त्याने मला थेट फोन केला. "गो, तुझ्या त्या जर्मनीसून एक खेळणा येवक इतके दिस लागतत?" मी हॅम्बुर्गला राहते म्हणजे जर्मनीतून निघणाऱ्या सगळ्या खोक्यांची जबाबदारी माझी.

त्याच्याकडून ट्रॅकिंग नंबर मागवून घेतला. पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय पार्सलचा नंबर तेरा खुणांचा असतो: आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. दादाचा नंबर तसा नव्हताच. पार्सल पहिल्यापासून खासगी कुरिअरकडे होतं. ते अडलं होतं केवायसीसाठी. कुरिअरने बाहेरून येणारा माल सोडवायचा तर घेणाऱ्याची ओळखपत्रं लागतात, आणि त्यांची लिंक दादाच्या फोनवर येऊन पडली होती. त्याने ती उघडली नाही. उघडणार कशी? 'तुमचं पार्सल गोदामात अडकलं आहे, पत्ता अपडेट करा' असे खोटे एसेमेस पोस्टाच्या नावाने इतके फिरलेत की सरकारनेच लोकांना सावध केलं. खऱ्या मेसेजची भाषा आणि चोराच्या मेसेजची भाषा अगदी सारखी. इथेही तेच आहे, जर्मन कस्टमच्या नावाने मला असे मेसेज येतात आणि मीही ते उडवून टाकते.

मग फॉरवर्डची गोष्ट. दादाला हवं असलेलं बंदरातलं अडवणं सरकारने केव्हाच सुरू केलंय. पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतची भेटवस्तू बाहेरून ड्युटी न भरता येत असे. चिनी कंपन्या विकलेला मालच 'गिफ्ट' लिहून पाठवू लागल्या, म्हणून डिसेंबर २०१९मध्ये ती सवलत काढून घेतली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. खेळण्यांवरची ड्युटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर नेली. मधल्या काळात, जानेवारी २०२१पासून, खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानकाचा, शिक्का सक्तीचा झाला. तेव्हा आमच्या ग्रुपवर झेंडे नाचले होते. अशा दिवसांत परदेशी खेळण्याचं खोकं टेबलावर आलं तर कस्टमचा माणूस ते दोनदा उलटंपालटं करून बघणारच, त्यासाठीच त्याला तिथे बसवलाय. खोकं अडवायचं तर कुणीतरी ते उघडायला हवं आणि उघडायला वेळ लागतो. दादाला दुसऱ्यांची खोकी अडवलेली हवीत आणि स्वतःचं सुटलेलं.

यावर घरून ठरलेलं उत्तर येतं: "तुमच्याकडे असलं काही नसतं." आमच्याकडे काय असतं ते सांगते. काकीने मालवणहून पार्सल पाठवलं. ते घरी आलं नाही, कस्टमचं पत्र आलं, छापील, पाकिटात घालून: कचेरीत येऊन माल सोडवा. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात. काउंटरवरच्या बाईने सुरी माझ्या हातात दिली, खोकं मीच फोडायचं. टेप कापल्याबरोबर सोड्यांचा आणि मालवणी मसाल्याचा वास असा सुटला की रांगेतला एक गृहस्थ दोन पावलं मागे झाला. पोस्टाच्या फॉर्मवर काकीने 'खाऊचे पदार्थ' एवढंच इंग्रजीत लिहिलं होतं. बाईला हवी होती एकेका पुडीची किंमत. आमसुलं, कुळथाचं पीठ, खाजा यांची किंमत मी तिथेच अंदाजाने युरोत सांगितली. सोडे सुटले, कारण वाळवलेली मासळी स्वतःपुरती आणायला युरोपात परवानगी आहे, चक्क वीस किलोपर्यंत. पेढे मात्र दुधाचे, ते माझ्यादेखत कचऱ्याच्या डब्यात गेले. सोडे नाकारतील आणि पेढे देतील अशी माझी खात्री होती. ड्युटी काही लागली नाही, कारण एका घरातून दुसऱ्या घरी पैसे न घेता आलेली, ४५ युरोंपर्यंतची वस्तू इथे माफ असते. तेच सामान मालवणच्या दुकानदाराने मला विकून, वर 'गिफ्ट' लिहून पाठवलं असतं तर ही माफी मिळाली नसती.

वादही इथे तोच आहे. २०२४ साली युरोपियन युनियनमध्ये किरकोळ किमतीची ४६० कोटी पार्सलं आली, त्यातली ९१ टक्के चीनमधून. ती थांबवा म्हणून वर्तमानपत्रं रोज लिहितात, आणि माझ्या जिन्यात तीच पिशव्यांमधली पार्सलं शेजाऱ्यांची वाट बघत पडलेली असतात. शेवटी जुलै २०२६पासून त्यांच्यातल्या दर प्रकारच्या वस्तूवर तीन युरो ड्युटी बसवायचं युनियनने ठरवलं.

पण एक गोष्ट इथे आहे जी दादाने मागावी असं मला वाटतं. जुलै २०२१मध्ये युरोपने २२ युरोंपर्यंतची करमाफी काढून टाकली, तेव्हाच एक सोय केली: दीडशे युरोंपर्यंतच्या मालावरचा व्हॅट परदेशातला सेलर ऑर्डर घेतानाच वसूल करू शकतो. पैसे देताना पूर्ण रक्कम समोर दिसते आणि कराचा हिशेब चुकता झाला म्हणून पार्सल सहसा अडत नाही. काकीच्या खोक्यासाठी मला कचेरी गाठावी लागते, पण अशा सेलरकडून घेतलेली वस्तू सरळ दारात येते. ही सोय सगळेच सेलर घेत नाहीत, आणि ४६० कोटींचा पूर यायला ही सोयही थोडी कारणीभूत असणार, हे कबूल. तरी कस्टम उठवा, पोस्ट विका, या मागण्यांपेक्षा ही मागणी कामाची आहे. आज सेलर तारीख सांगतो ती त्याच्या गोदामापासून विमानतळापर्यंतच्या हिशेबाची, आणि ड्युटीचं वाक्य पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं. बारशाचा मुहूर्त त्यात कुठून बसणार?

पोस्टाला शिव्या देणाऱ्यांनी २०२५ आठवावं. अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची ड्युटीमाफी २९ ऑगस्टपासून बंद केली. ड्युटी कोणी आणि कशी गोळा करायची हेच ठरेना, म्हणून आपल्या पोस्टाने २५ तारखेपासून तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली. २७ला गणेश चतुर्थी होती. जर्मन पोस्टानेही त्याच सुमारास अमेरिकेला जाणारी व्यापारी पार्सलं बंद केली होती. आपली सेवा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर असताना. फराळाचे डबे भरून बसलेल्या आयांनी मालवणच्या पोस्टमास्तरला काय काय ऐकवलं असेल ते ऐकवलं असेल. त्या बिचाऱ्याच्या हातात काय होतं? आणि खासगीकरणाचा आग्रह धरणाऱ्या दादाला बारशाच्या खेळण्यासाठी शेवटी कुरिअरच्या ऑफिसातून फोन आला: वाडीत गाडी येत नाही, बाजारात येऊन घेऊन जा. पोस्टमन मात्र वाडीत सायकलवरून येतो, आणि घरनंबर नसला तरी "पिंपळाकडचे" म्हटलं की त्याला पत्ता कळतो.

कर आधी घ्यायची कल्पना दादाला पटलेली नाही. "मगे वस्तू म्हाग दिसतली, कोण घेतलो?" असं तो म्हणतो. म्हाग ती आताही असते. फक्त आकडा आता कुरिअरचा पोरगा बाजारात उभा राहून सांगतो, आणि बोलणीही ऐकून घेतो तोच.