अर्थिंगची वायर कापून मशीन विकता?

"चालू कंडिशनमध्ये आहे, नुसती वायर जोडा!" जुनी मशीन विकणाऱ्यांनो, बास झालं हे वाक्य.

पुण्यात टिंबर मार्केटजवळून जुनं रंधा मशीन आणलं. बटण दाबलं तर मोटर नुसती घूंऽऽ करते, फिरायचं नाव नाही. दोन दिवस घालवले. घरातली थ्री-फेज लाइन तपासली, ४१५ व्होल्ट व्यवस्थित. शेवटी स्टार्टरचं झाकण उघडलं. आत मूठभर भुसा! एक कॉन्टॅक्ट जळून कोळसा झालेला, म्हणजे तिसरी फेज मोटरपर्यंत पोचतच नव्हती. दोन फेजवर वाइंडिंग जळणार नाही तर काय होणार? आणि मोटरवर जास्त लोड आला की ती बंद करणारा ओव्हरलोड रिले? काढून टाकलेला, त्याच्या जागी तांब्याच्या तारेचे तुकडे! अहो, रिले ट्रिप होतो कारण पात्यांची धार गेलेली असते, बेअरिंग जाम असतं. ते बघायचं सोडून रिलेच उपटायचा?

शॉकपासून वाचवणारी अर्थिंगची हिरवी वायर तर प्रत्येक मशीनची कापलेलीच. का? तिनं कुणाचं काय घोडं मारलंय?

मागच्या वर्षी आणलेल्या गोल करवतीत कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे मोटरची लाइन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमध्ये, चक्क लाकडाची पाचर ठोकलेली होती; लाइट गेली तरी तो सुटायचाच नाही. गुरुवारी लाइट गेली, पोरगा पात्याखालचा भुसा काढायला वाकला. हात बाहेर घेतला आणि लाइट आली. बटणाला कुणी हात लावला नव्हता, तरी करवत फिरायला लागली. त्याचं बोट वाचलं ते एका क्षणानं. ती पाचर ठोकणाऱ्याला रात्री झोप कशी लागते?

आता तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून नवा स्टार्टर आणायचा, नवी वायर ओढायची. खर्च माझा. विकणारा फोन उचलत नाही.