रिक्वेस्ट कोणाची, हे विचारू नये

गेल्या गुरुवारी रात्री पावणेबाराला फोन वाजला. नाशिकच्या एका गृहस्थांनी औषधांच्या ॲपवर ‘माझ्या ऑर्डर्स’ उघडलं, तर आत कोल्हापूरच्या एका बाईंच्या थायरॉइडच्या गोळ्या, त्यांचं नाव, फ्लॅट नंबर आणि ‘बेल बंद आहे, हाक मारा’ ही सूचना. गृहस्थ सज्जन. स्क्रीनशॉट काढून सपोर्टला पाठवला. सपोर्टने मॅनेजरला, मॅनेजरने मला. कोड माझा नव्हता, पण ज्याचा होता त्याचा नोटिस पीरियड मागच्याच महिन्यात संपलाय.

पहाटे चारला आडवा होताना पटलं की असा कोड लिहिणाऱ्या लोकांशी भांडण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडून शिकावं. तर बॅकएंडमध्ये, म्हणजे ॲपमागच्या सर्व्हरच्या कोडमध्ये, नव्याने पाऊल टाकणाऱ्या मंडळींसाठी, चालू रिक्वेस्टची (युजरच्या ॲपकडून सर्व्हरकडे आलेल्या मागणीची) माहिती कशी हाताळावी याचे काही कानमंत्र.

पीएचपी या सर्व्हरच्या भाषेत असाल तर डॉलर-अंडरस्कोर-रिक्वेस्ट हा तुमचा कल्पवृक्ष. क्वेरी स्ट्रिंग (यूआरएलच्या शेपटातली माहिती), पोस्ट (फॉर्ममधून आलेली), आणि सेटिंग जुनं असेल तर कुकीसुद्धा, सगळं एकाच पातेल्यात. किंमत फॉर्ममधून आली की कोणी यूआरएलमध्ये टाइप केली, अशी चौकशी करणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. खरं वैभव होतं ते रजिस्टर ग्लोबल्सच्या काळात. यूआरएलच्या शेपटाला ‘ॲडमिन बरोबर एक’ चिकटवलं की आत कोडमध्ये तसं व्हेरिएबल आयतं हजर! २००२ साली ४.२ आवृत्तीत त्यांनी ते मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली आणि २०१२ मध्ये ५.४ ने काढूनच टाकलं. चांगलं काही टिकू देत नाहीत.

युजर आयडी फॉर्ममधल्या हिडन फील्डमधून घ्यावा. हिडन आहे, दिसणार कोणाला?

माणूस कोणत्या पानावरून आला ते रेफरर हेडरला विचारावं (हेडर म्हणजे रिक्वेस्टच्या माथ्यावरची माहितीची ओळ). १९९६ च्या आरएफसीत, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या कागदात, त्याच्या स्पेलिंगमधला एक ‘आर’ गळाला तो अजून सापडलेला नाही, पण माहिती तो खरीच देतो.

आयपीचं शास्त्र जरा सखोल आहे. सॉकेट, म्हणजे सर्व्हरशी झालेली जोडणी, ज्या पत्त्यावरून आली तोच घ्यावा. पुढे गर्दी सर्व्हरांत वाटून देणारा लोड बॅलन्सर बसलेला असतो, त्यामुळे समस्त युजर १०.०.३.१७ वरून येताना दिसतात. केवढी ही एकात्मता! मग ‘पाच वेळा पासवर्ड चुकला की आयपी ब्लॉक’ असा नियम लावावा. लातूरच्या एका आजोबांचा कॅप्स लॉक अडकला की अख्ख्या महाराष्ट्राचं लॉगिन बंद. (हे गेल्या दिवाळीत झालंय. आजोबा माझ्या पदरचे, बाकी सगळं जसंच्या तसं.) त्यावर उतारा म्हणून एक्स-फॉरवर्डेड-फॉर हा वाटेतल्या पत्त्यांची यादी असलेला हेडर वाचावा आणि त्यातला अगदी डावीकडचा पत्ता डोळे मिटून उचलावा. डावीकडे काय लिहायचं ते पाठवणाऱ्याच्या हातात असतं; आपला प्रॉक्सी (लोड बॅलन्सरसारखा मधला सर्व्हर) त्याला दिसलेला पत्ता उजवीकडे जोडतो. पण उजवीकडून आपले प्रॉक्सी मोजत येण्याइतकी सवड कोणाला आहे? हल्लेखोर दर वेळी नवा पत्ता लिहून पाठवतो आणि ब्लॉक करण्याचा प्रश्नच मिटतो.

पासवर्ड रीसेटची लिंक होस्ट हेडरवरून, म्हणजे पाठवणाऱ्याने लिहिलेल्या साइटच्या नावावरून, बनवावी. लिंकमधलं टोकन, म्हणजे रीसेटची गुप्त किल्ली, कोणाच्या दारात पोचवायचं हे ठरवायचा मान समोरच्याचा.

बॉडी (रिक्वेस्टमधला मुख्य मजकूर) आधी लॉगिंगच्या फिल्टरने वाचावी. ती प्रवाहासारखी एकदाच वाचता येते, त्यामुळे खरं काम करणाऱ्या कंट्रोलरच्या हाती धुतलेलं पातेलं येतं आणि पासवर्ड मात्र लॉगमध्ये सुवाच्य छापला जातो.

आता तो मंत्र, ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच. लॉगिन केलेला युजर या फंक्शनातून त्या फंक्शनात पाठवत बसू नये. हात दुखतात. फाइलच्या माथ्यावर एक व्हेरिएबल ठेवावं, ‘करंटयुजर’. रिक्वेस्ट आली की मिडलवेअरने (मुख्य कोडच्या आधी चालणाऱ्या तुकड्याने) लॉगिनचं टोकन उघडून युजर त्यात ठेवावा. मग कोणीही, कुठूनही, हवा तेव्हा उचलावा. ज्याने हे केलं तो पीएचपीतून आला होता. तिथे खपून जातं, कारण प्रत्येक रिक्वेस्टला कोरी पाटी मिळते आणि काम झालं की ती पुसली जाते. पायथॉनच्या फ्लास्कमध्येही ‘रिक्वेस्ट’ ग्लोबलसारखाच, म्हणजे सगळ्यांना सामाईक, दिसतो, पण तो नुसता मुखवटा. मागे ज्याची त्याची रिक्वेस्ट वेगळी धरलेली असते. आमचं ॲप चालतं त्या नोडमध्ये (सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट) मात्र प्रोसेस एक, व्हेरिएबल एक आणि दारात शेकडो लोक.

पिठाच्या गिरणीत तीस डबे रांगेत असतात. प्रत्येकावर ज्याची त्याची चिठ्ठी: ‘कुलकर्णी, गहू, बारीक’. गिरणीवाल्याने चिठ्ठ्या फेकून भिंतीवर एकच पाटी टांगली, ‘सध्याचं गिऱ्हाईक’, आणि जो दारात येईल त्याचं नाव तिच्यावर लिहीत सुटला, तर संध्याकाळी तुमच्या घरी कोणाची ज्वारी येईल? हे गिरणीवाल्याला कळतं. आमच्याकडच्या बारा लाखांच्या पॅकेजला कळत नाही.

लॉगच समोर ठेवतो. अकरा चोवीस, सातवा सेकंद. ३१२ मिलिसेकंदाला नाशिकची रिक्वेस्ट आली, पाटीवर नाशिक. तिने कूपन तपासायला डेटाबेसला विचारलं आणि ‘अवेट’वर थांबली. ३४० ला कोल्हापूर आलं, पाटीवर कोल्हापूर. ३५५ ला कूपनचं उत्तर आलं, नाशिकची रिक्वेस्ट जागी झाली, पाटी वाचली आणि म्हणाली, आणा करंटयुजरच्या ऑर्डर्स. त्रेचाळीस मिलिसेकंदांत एका बाईंचं आजारपण दुसऱ्या जिल्ह्यात पोचलं.

टेस्टिंगमध्ये का नाही सापडलं? तपासणारा एकटा, त्याचा ब्राउझर एकटा. ‘माझ्या मशीनवर चालतंय.’ चालणारच! एका डब्याच्या गिरणीत घोळ होतो कधी?

जाऊ दे. उपरोध पुरे, माझ्याने होत नाही आता. अरे, एक्सप्रेस हे नोडवरचं फ्रेमवर्क प्रत्येक रिक्वेस्टसाठी वेगळा ‘रेक’ ऑब्जेक्ट हातात आणून देतं. युजर त्याला चिकटवायचा होता, ‘रेक डॉट युजर’, आणि तो पुढे पाठवायचा होता, बस. पाठवायचाच कंटाळा होता तर प्रत्येक रिक्वेस्टची माहिती वेगळी जपणारं असिंक-लोकल-स्टोरेज २०२० पासून नोडमध्येच आहे, वेगळं काही बसवावंही लागत नाही. जावावाल्यांनी गालात हसू नये. थ्रेडलोकलमध्ये, म्हणजे काम करणाऱ्या थ्रेडच्या खिशात, युजर ठेवून शेवटी ‘रिमूव्ह’ न करणारे तुम्हीच, आणि पूलमधला तोच थ्रेड पुढच्या माणसाच्या गळ्यात मारणारेही तुम्हीच.

त्या कोडच्या पुल रिक्वेस्टवर, म्हणजे मंजुरीसाठी ठेवलेल्या बदलावर, सहकाऱ्यांच्या पसंतीचे तीन अंगठे आहेत. त्यातला एक टीम लीडचा. चौदाशे ओळी, अकरा मिनिटांत मंजूर. काय वाचलंत तुम्ही? व्हेरिएबलचं नाव ‘करंटयुजर’ आहे, फाइलच्या तिसऱ्या ओळीवर आहे. ‘करंट’ म्हणजे कोणाचा, एवढा एक प्रश्न तिघांपैकी एकालाही पडू नये? स्पेसेस की टॅब्ज यावर मात्र सात कमेंटी आहेत!

मॅनेजरने दुसऱ्या दिवशी विचारलं, तक्रार एकच आहे ना? हो, एकच. बाकीच्यांनी पाहिलं आणि ॲप बंद केलं. आणखी कोणाचं काय कोणाला दिसलं त्याची यादी लॉगमधून मी काढतोय. कालपर्यंत चौथं पान.

कोल्हापूरच्या बाईंना फोन कोणी करायचा यावर सोमवारी अर्धा तास मीटिंग झाली. तिन्ही अंगठे म्यूटवर. शेवटी मी केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे माझी बेल बंद आहे ते पण कळलं काय त्यांना? मी एकटीच असते हो इथं.”