नळ आहे, पण पाणी रोज येतं का?

माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला. ताप उतरेना, पोर अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" मी ठामपणे सांगितलं, "नळाचं. शुद्ध होऊन येतं." त्यांनी पुढे विचारलं, "रोज येतं का?"

रोज येत नव्हतं. त्याच महिन्यात जलवाहिनी फुटल्यामुळे दोनदा पाणी बंद होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो, हे मला तोवर सुचलंही नव्हतं. तिचा ताप त्याच पाण्यानं आला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तेव्हापासून या विषयावर जे हाताला लागेल ते वाचत आले, आणि आता मला पक्कं वाटतं की अधूनमधून बंद पडणाऱ्या नळाला आपण निव्वळ गैरसोय समजतो, ही फार महागात पडणारी चूक आहे.

जमिनीखाली काय घडतं ते बघा. पाणी सुरू असतं तेव्हा वाहिनीत दाब असतो. कुठे भेग असलीच तर पाणी आतून बाहेर गळतं, बाहेरची घाण आत येत नाही. पाणी बंद झालं की दाब जातो, आणि त्याच भेगेतून मातीतली ओल, शेजारून जाणाऱ्या गटाराचा पाझर आत ओढला जातो. कमी दाबाच्या वाहिनीवर कुणी मोटर लावून पाणी खेचलं तर ही ओढ आणखी वाढते. (मोटर लावणाऱ्याला मी दोष देणार नाही, त्याच्याही घरात तहानलेली माणसं असतात.) मग पाणी सुटतं. नळ आधी फुसफुसतो, हवा सोडतो, दोन-चार गचके देतो आणि तांबूस, गढूळ धार येते. दोन दिवस वाहिनीत साचलेलं सगळं त्या पहिल्या धारेत असतं. आणि नेमकी तीच आपण भरतो, कारण पाणी पुन्हा कधी जाईल याचा भरवसा नसतो. मीही तोटीला फडकं बांधून तेच करत होते. फडक्यात गंजाचे कण अडकतात, टायफॉइडचे जंतू आरपार जातात.

क्लोरीन असतं की, असं कुणी म्हणेल. नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण वाटेत घाण मिसळली की ते तिथेच खर्ची पडतं. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी तर क्लोरीनला दादच देत नाही.

हुबळी-धारवाडमध्ये काही वस्त्यांना चोवीस तास पाणी मिळू लागलं आणि बाकीच्यांना पूर्वीसारखंच काही दिवसांआड. संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचं पाणी तपासलं. चोवीस तासवाल्या नळांच्या नमुन्यांपैकी ०.७ टक्क्यांत ई. कोलाय, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असणारे जंतू, सापडले; काही दिवसांआडवाल्यांत ३१.७ टक्क्यांत. शहरं तीच, फरक पुरवठ्याच्या पद्धतीत. लहान मुलांच्या जुलाबांचं एकूण प्रमाण मात्र फारसं वेगळं निघालं नाही, हेही सांगायला हवं. जुलाब व्हायला पाण्याखेरीज इतर वाटाही आहेत. पण टायफॉइड चोवीस तास पाणी असलेल्या घरांत कमी आढळला.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं. विकसनशील देशांतला पुरवठा बंद पडून लोकांना वर्षातले काही दिवस न शुद्ध केलेलं पाणी प्यावं लागलं तर काय होईल, याचं त्यात गणित मांडलं होतं. उत्तर असं की स्वच्छ पाण्यामुळे वर्षभरात होणारा आरोग्याचा फायदा त्या मोजक्या दिवसांत जवळजवळ सगळा वाया जातो. मन याला लवकर तयार होत नाही. वर्षातले थोडेच दिवस पाणी वाईट असलं तर नुकसानही थोडंच, असं आपण धरून चालतो. पण आजारी पडायला एक दूषित पेला पुरतो.

काँगोमधल्या उविरा शहरात हे नोंदींमधून दिसलं. २००९ ते २०१४ या काळातला पाणीपुरवठा आणि कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांची भरती शेजारी-शेजारी ठेवून पाहिली गेली. ज्या दिवशी नळाला पाणीच आलं नाही, त्यापुढच्या बारा दिवसांत भरती दुपटीहून अधिक वाढत होती. कारण नळ बंद झाला म्हणून तहान थांबत नाही, माणसं तळ्याकडे, नदीकडे जातात. झिंबाब्वेत २००८ मध्ये पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था कोलमडली, तेव्हा कॉलऱ्याचे ९८ हजारांहून जास्त रुग्ण झाले आणि चार हजारांवर माणसं गेली.

तरी सरकारी हिशेबात अजून नळच मोजले जातात. इतक्या लाख जोडण्या दिल्या, इतकी टक्केवारी गाठली. चांगल्या पाण्याविना राहणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आणायचं, हे संयुक्त राष्ट्रांचं सहस्रक उद्दिष्ट २०१० मध्येच पूर्ण झालं असं जाहीर झालं होतं, आणि त्यात पाणी किती तास येतं, शुद्ध आहे का, हे धरलंच नव्हतं. ते धरून मोजायला लागल्यावर २०२२ साली जगात सुमारे २२० कोटी लोक सुरक्षित पाण्याविना निघाले.

पैसा नाही म्हणून होत नाही, हे मला पटत नाही. युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या कंबोडियाच्या नॉम पेन्ह शहरात १९९३ साली दिवसातून जेमतेम दहा तास पाणी येत होतं आणि ७० टक्क्यांहून जास्त पाणी गळती नि चोरीत जात होतं. त्यांनी गळक्या वाहिन्या बदलल्या, चोरून घेतलेल्या जोडण्या तोडल्या, मोठ्यांकडूनही बिल वसूल केलं. आज तिथे चोवीस तास पाणी आहे.

तेवढं होईपर्यंत माझी मागणी अगदी लहान आहे. "अमुक दिवशी पाणीपुरवठा बंद राहील" अशी सूचना निघते, तिच्याखाली आणखी दोन ओळी छापा: पाणी परत आल्यावर पहिली धार पिण्यासाठी भरू नका, आणि पाणी स्वच्छ दिसलं तरी पुढचे काही दिवस चांगलं खळखळून उकळून प्या. आणि पाणी सुटल्यावर टाकीजवळच्या नळाचं नको, वाहिनीच्या अगदी शेवटच्या घरातल्या नळाचं क्लोरीन तपासा आणि तो आकडा लोकांना सांगा.